‘कन्यादान’ : बापाचा प्रयोग, पोरीचा बळी

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’वर (१९८३) आपली पोरं चिडली ती अरुण आठवलेमुळं. दलित कवी, दारू पितो, बायकोला मारतो. चीड रास्तच. पण मित्रांनो, नाटक मुळात बाप-लेकीचं आहे.

नाथ देवळालीकर समाजवादी आमदार. पोरगी ज्योती दलिताशी लग्न करते म्हणताच बाप हरखतो. जात मोडायचा प्रयोग आपल्याच घरात! आई सेवा कचरते, तिचं ऐकतो कोण? बाबासाहेबांनी १९३६ साली बेटीव्यवहार हा जातीवरचा खरा इलाज सांगितला. पण सोबत शास्त्रांचं प्रामाण्य उखडायलाही सांगितलं. नाथ काय करतो? दान. दानात देणारा मोठा होतो, आणि पोरगी वस्तू होते.

शेवटी ज्योती बापाला सुनावते, मी आता देवळालीकर नाही, आठवले. बापाचं नाव गळालं, नवऱ्याचं चिकटलं. निव्वळ ज्योती कुठाय? आणि बाप कोसळतो तो स्वतःचं तत्त्व हरलं म्हणून. ही खरी शोकांतिका. ती तेंडुलकरांनी नेमकी पकडलीय.

घसरतात ते दुसरीकडं. अरुणचे आईबाप रंगमंचावर येतच नाहीत. बाप दारुडा, आईला मारणारा, एवढंच त्याच्या तोंडून कळतं. म्हणून त्याचा हात एका माणसाचा राहत नाही, सगळ्या जातीचा होतो. त्या हाताची वकिली आपण करायची नाही. बायकोला मारणारा कुठल्याही जातीचा असो, गुन्हेगारच. पण ज्योतीला बाप मिळाला, आई, भाऊ, भांडायला घर मिळालं. अरुणला नुसती जात मिळाली.

त्याच्या मार खाणाऱ्या आईचं नाटक कोण लिहिणार? ते आपल्यालाच लिहावं लागेल.