वजाबाकीतले ढग

‘सायन्स’ साप्ताहिकाच्या 6 जानेवारी 1989च्या अंकात सात पानांचा एक शोधनिबंध आहे. लेखकही सातच. पहिलं नाव वीरभद्रन रामनाथन यांचं, दुसरं रॉबर्ट सेस यांचं. सेस हे रामनाथन यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. तरुणपणी सिकंदराबादला शीतयंत्रांच्या उद्योगात नोकरी केलेला शिष्य पुढे आणि गुरू त्याच्या पाठीशी, हा क्रम पाहूनच मला समाधान वाटतं. निबंधाचं मोठेपण मात्र त्याच्या प्रश्नात आहे. ढग पृथ्वीला तापवतात की थंड करतात?

भर दुपारी सूर्यावर ढग आला की बरं वाटतं आणि ढगाळ रात्री उकडतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. दोन्ही खरं, आणि अडचण तिथेच आहे. ढगाचा माथा ऊन परतवून लावतो आणि तोच ढग जमिनीची, समुद्राची उष्णता अवकाशात निसटू देत नाही. साऱ्या पृथ्वीचा हिशेब मांडला तर कोणतं पारडं जड? ढग येतात, विरतात, एकावर एक थर रचतात. जमिनीवरून त्यांचा जमाखर्च मांडणं अशक्यच होतं. खात्रीचं उत्तर कोणाजवळ नव्हतं.

या निबंधातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे लेखकांनी ढगाच्या पोटात शिरायचं टाळलं. थेंब केवढे, त्यात बर्फ किती, थराची जाडी किती, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. उपग्रहावरचं उपकरण खालचा सुमारे 40 किलोमीटर रुंदीचा एकेक तुकडा पाहत जातं. तिथून परतलेलं ऊन किती आणि बाहेर पडणारी उष्णता किती, एवढंच मोजतं. एखाद्या प्रदेशातल्या फक्त निरभ्र तुकड्यांची सरासरी काढायची, मग ढगांसकट सगळ्या तुकड्यांची. दोहोंत जो फरक पडेल ती ढगांची करणी. वाणी तेल तोलताना भांड्याचं वजन वजा करतो, तितकी साधी ही वजाबाकी. पद्धत सुचल्यावर ती सोपी वाटते. सुचेपर्यंत भलेभले अडून बसले होते.

मग आकडे येतात. एप्रिल 1985 या महिन्यात ढगांनी परतवलेल्या उन्हापायी पृथ्वीचं नुकसान दर चौरस मीटरला 44.5 वॅट. ढगांनी अडवून धरलेल्या उष्णतेपायी कमाई 31.3 वॅट. बाकी उणे 13.2. म्हणजे ढग पृथ्वीला थंड ठेवतात. लेखक इथे जराही आवाज चढवत नाहीत. शेजारी आणखी एक तुलना ठेवतात आणि पुढे जातात: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर उष्णतेच्या हिशेबात जी भर पडेल, तिच्या जवळपास चौपट ही बाकी आहे, आणि जमा व खर्च या दोन रकमा वेगवेगळ्या घेतल्या तर प्रत्येक रक्कम साधारण दहापट. हे वाचून मी अंक मिटून बसलो होतो. एवढ्या मोठ्या दोन रकमांपैकी एकीत थोडंसं जरी इकडेतिकडे झालं, तरी साऱ्या हवामानाचं गणित हलेल, हे वाचकाच्या ध्यानात आपोआप येतं.

ही मोजमापं हाती येण्यामागचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘अर्थ रेडिएशन बजेट सॅटेलाइट’ हा उपग्रह 5 ऑक्टोबर 1984 रोजी चॅलेंजर यानातून सोडायचा होता. त्याचं सौरपंख उघडेना. अंतराळवीर सॅली राइड यांनी यानाच्या यांत्रिक हातात धरलेला तो उपग्रह हलवला, सूर्याकडे धरून त्याच्या बिजागऱ्यांना ऊब दिली, तेव्हा कुठे पंख सुटलं. सूर्याच्या उष्णतेचा हिशेब ठेवायला निघालेलं यंत्र त्याच उष्णतेने मोकळं झालं. दोन वर्षांसाठी बांधलेला हा उपग्रह 2005पर्यंत कामात राहिला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी 57 अंशांत कललेली, त्यामुळे तो एकाच ठिकाणावरून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी जाई. ध्रुवांकडच्या भागांसाठी ‘नोआ-9’ उपग्रहाची जोड होती.

आता नकाशांकडे या, कारण निबंधाचा खरा रस तिथे आहे. उष्ण कटिबंधात, इंडोनेशियाभोवतीच्या समुद्रांवर, ढगांनी अडवलेली उष्णता दर चौरस मीटरला 50 ते 100 वॅटपर्यंत जाते. तिथल्या गडगडाटी ढगांचे माथे 15 किलोमीटरच्या वर, शून्याखाली 70 अंशांच्या आसपास थंड. इतका थंड माथा अवकाशाकडे फार थोडी उष्णता सोडतो. खालची धग खालीच कोंडते. पण हेच ढग जाडजूड आणि पांढरेशुभ्र असल्याने ऊनही तेवढंच परतवतात. दोन अवाढव्य रकमा एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. लेखकांनी या तोलाला नाजूक म्हटलं आहे, आणि तटस्थ शास्त्रीय गद्यात हा शब्द उठून दिसतो. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या थंड महासागरांवर हा तोल नाही. तिथे खालच्या थरातले ढग दूरवर पसरलेले, त्यांचा माथा समुद्रापेक्षा फारसा थंड नाही, म्हणून ते उष्णता फारशी अडवत नाहीत. ऊन मात्र भरपूर परतवतात. तिथली बाकी उणे 100 वॅटपर्यंत उतरते. पृथ्वीला गारवा देण्याचं बरंचसं काम हे दुर्लक्षित, करडे, रिमझिमणारे ढग करतात.

एक उणीव भारतीय वाचकाला लगेच जाणवते. निबंधातली मोजणी एप्रिलची आहे. एप्रिल म्हणजे आपला चैत्र. मोसमी पावसाचा ढग अजून विषुववृत्तापलीकडे. उष्ण कटिबंधात दोन्ही बाजू फिटतात हा निष्कर्ष आषाढ-श्रावणातल्या आपल्या आभाळाला लागू पडतो का? याचं उत्तर 2000 साली पुण्यातून आलं. भारतीय हवामानशास्त्र विभागातले एम. राजीवन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जे. श्रीनिवासन यांनी त्याच उपग्रहाच्या नोंदी जून ते सप्टेंबरसाठी तपासल्या. मोसमी प्रदेशावर फिटाफिट होत नाही. उंच, दाट ढगांचा इथे इतका भरणा असतो की थंडाव्याचं पारडं स्पष्ट खाली जातं. मूळ निबंधाला हे उत्तम उत्तर आहे, आणि ते मूळ निबंधाच्याच रीतीने दिलेलं आहे.

पुढच्या मोजणीत 13.2 हा आकडा राहिला नाही. नंतरच्या उपकरणांच्या आधारे आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या 2013च्या अहवालाने तो उणे 20च्या जवळ नेला. उणे चिन्ह मात्र टिकलं.

या उणे चिन्हाचा एक चुकीचा अर्थ वरचेवर कानावर येतो: ढग थंडावा देतात, तेव्हा तापमानवाढीची चिंता ढगांवर सोडावी. निबंधात असं कुठेही नाही. ढग आज काय करतात, एवढंच तो मोजतो. पृथ्वी तापल्यावर ढग कसे बदलतील, हा प्रश्न त्याने जाणीवपूर्वक वेगळा ठेवला आहे. त्या दुसऱ्या प्रश्नाचं 2021च्या आयपीसीसी अहवालातलं उत्तर असं आहे की ढगांतले बदल एकंदरीत तापमानवाढीत भरच घालण्याचा संभव अधिक. खालच्या थरातले ढग कमी झाले, तर उन्हाला वाट मोकळी होते.

बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: प्रारण शिकवून झालं की या निबंधातले नकाशे वर्गात दाखवा, आणि उणे 13.2 ही बाकी मुलांना स्वतः काढू द्या.