मराठी तत्त्वविचाराची परिभाषा

मराठीत तत्त्वविचार मांडावयाचा तर संज्ञांचे भांडवल संस्कृताकडून घ्यावे लागते, याविषयी आता वाद राहिलेला नाही. परंतु घेतलेल्या संज्ञेकडून मराठीने स्वतःचे कोणते काम करवून घेतले, हा प्रश्न मात्र विचारला गेलाच पाहिजे, आणि त्या कसोटीवर आपल्या परिभाषेची आजची स्थिती समाधानकारक ठरत नाही.

हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. बाराव्या शतकाच्या सुमारास इओआने पेत्रित्सी याने प्रोक्लसचा ग्रीक ग्रंथ जॉर्जियन भाषेत आणताना ग्रीक विचार पेलणारी परिभाषा स्वभाषेत घडविली. आपल्याकडे तेराव्या शतकात महानुभावांनी चक्रधरांच्या वचनांच्या आधारे जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांचा विचार लोकभाषेत सिद्ध केला, आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरीने वेदान्ताच्या संज्ञा ओवीच्या चालीत अशा मुरविल्या की त्या पुढे कीर्तनातून निरक्षर श्रोत्यापर्यंत पोहोचल्या.

या परंपरेचे अर्वाचीन पीठ म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार. धाम नदीच्या काठी विनोबा १९३८ मध्ये येऊन राहिले, आणि पुढे १९५९ मध्ये स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी त्यांनी तेथेच ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. गीताईची रचना १९३०-३१ मधली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सहबंद्यांपुढे गीतेवर जी प्रवचने दिली ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्या प्रवचनांतील 'विकर्म' ही संज्ञा पाहावी. शांकरभाष्यात तिचा अर्थ निषिद्ध कर्म; विनोबांनी मात्र बाह्य कर्माला चित्ताची जोड देणारे आंतरिक कर्म असा अर्थ घेऊन, कर्मात विकर्म मिसळले की अकर्म निष्पन्न होते, असा सिद्धान्त उभारला. भाष्यपरंपरेच्या दृष्टीने हा अर्थ सहज मान्य होण्याजोगा नाही; तथापि सूत कातणाऱ्याला आणि दळणाऱ्याला आपल्या श्रमाचा विचार करण्यास त्याने एक साधन दिले, आणि परिभाषेचे सामर्थ्य माझ्या मते यातच आहे.

पाश्चात्त्य विचाराची बाब निराळी. गीतारहस्यात (१९१५) टिळकांनी आधिभौतिक, आधिदैविक आणि आध्यात्मिक या जुन्या वर्गीकरणात मिल व कांट यांच्या नीतिविचारांना जागा करून दिली, म्हणून त्यांचा वाद मराठी वाचकाला घरचा वाटला. पुढे दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड सिद्ध झाले, आणि मे. पुं. रेगे यांनी 'नवभारत'मधून त्याच परिभाषेत काटेकोर युक्तिवाद चालविला. या उद्योगाचे ऋण मोठे आहे. तरीही 'अस्तित्ववाद' साहित्यचर्चेमुळे रुळला, तर 'ज्ञानमीमांसा' आणि 'सत्ताशास्त्र' या संज्ञा अध्यापनाच्या इलाख्याबाहेर फारशा आल्याच नाहीत, कारण पहिल्या संज्ञेवर लोक भांडले आणि दुसऱ्या दोन केवळ परीक्षेपुरत्या पाठ केल्या.

कोशात नोंद होणे म्हणजे संज्ञेला सनद मिळणे. तिची वहिवाट मात्र वापरणाऱ्यांनीच पाडावयाची असते. म्हणून नव्या संज्ञांची टाकसाळ चालविण्यापेक्षा, असलेल्या संज्ञा घेऊन जमीन, जात, श्रम आणि न्याय यांविषयी सामान्य वाचकापुढे मराठीत युक्तिवाद करणारे ग्रंथ लिहिणे, हे तत्त्वज्ञानाच्या मराठी अभ्यासकांचे आजचे पहिले कर्तव्य आहे.