यंत्रातला गांधार

आगाशीला एका शिक्षक मित्रांकडे आम्ही टेरी रायली यांची 'पर्शियन सर्जरी डर्विशेस' ही ध्वनिमुद्रिका ऐकली. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला आणि १९७२ मध्ये पॅरिसला झालेल्या या दोन मैफली. विजेवरचा ऑर्गन, टेपवरून थोड्या उशिराने परतणारा त्याचाच आवाज आणि वाजवतानाच रचना करणारा वादक.

"यंत्रात सूर कसला?" मित्र म्हणाले. शेजारी शाळेची पेटी होतीच. षड्ज २४० कंपनांचा धरला तर ५:४ या प्रमाणातला गांधार ३०० चा. सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या पेटीवर तो ३०२.४ होतो. फरक किरकोळ, पण षड्जाचा पाचवा संनादी १२००, गांधाराचा चौथा सुमारे १२०९.५! दोन्ही पट्ट्या एकत्र दाबून पाहा, सेकंदाला नऊ-दहा वेळा होणारी थरथर कानांना कळते. रायली यांनी (हे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य) ऑर्गन शुद्ध प्रमाणांत लावून घेतला होता, म्हणून त्यांचा दीर्घ सूर निश्चल राहतो. इथे यंत्रच पेटीहून सुरेल ठरते.

आमची तक्रार निराळी आहे. साथीदार गायकाच्या श्वासाबरोबर थांबतो; टेप ठरल्या वेळी तेच पुन्हा म्हणते. बराच वेळ ऐकल्यावर वादकच टेपच्या मागे चालू लागला आहे, असे आम्हांला वाटले.