पोथीतले वासरू आणि गोठ्यातले वासरू

‘प्राण्यांची आवड आहे, पशुवैद्य होता येईल का?’ असे विचारणारा एखादा विद्यार्थी बहुतेक शिक्षकांना भेटतो. त्याला जेम्स हेरियट यांचे ‘इफ ओन्ली दे कुड टॉक’ (१९७०) हे इंग्रजी पुस्तक जरूर द्यावे. मात्र आमची एक तक्रारही त्याच्या कानावर घालावी.

हेरियट हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव आल्फ्रेड वाइट. १९३९ साली ग्लासगोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी पुढे यॉर्कशायरमधल्या थर्स्क गावी आयुष्यभर व्यवसाय केला. पुस्तकातले गाव आणि माणसांची नावे कल्पित असली, तरी पाया अनुभवाचाच आहे.

पहिलेच प्रकरण पाहा. रात्रीची वेळ, दारातून आत येणारे हिम, आणि अडलेल्या गायीमागे जमिनीवर उघड्या अंगाने आडवा झालेला तरुण डॉक्टर. वासराची मान मागे वळलेली. पाठ्यपुस्तकातल्या चित्रातला वैद्य कसा स्वच्छ आणि हसतमुख होता, हे त्याला आठवते. इथे गायीच्या कळांनी त्याचा हात बधिर होतो आणि शेतकऱ्याचा काका दुसऱ्याच डॉक्टरचे गोडवे गात उभा असतो. हा प्रसंग वाचून हसू येते, आणि या कामाला किती चिकाटी लागते तेही कळते.

आमची तक्रार इथेच आहे. लेखक पुस्तकी शिक्षणाची थट्टा करतो, पण त्याचे ऋण मान्य करत नाही. मान वळली आहे हे न पाहता, नुसत्या स्पर्शाने त्याने ओळखले कसे? दोरीचा फास खालच्या जबड्यालाच अडकवायचा, हे त्याला कोणी शिकवले? शरीररचनेच्या अभ्यासावाचून तो हात अंधारात चाचपडतच राहिला असता. अनुभवाने हाताला सफाई आली. दिशा शिक्षणाने दिली.

दुसरी उणीव काळाची. उघड्या हाताने केलेले ते बाळंतपण आज अनुकरणीय नाही. ब्रुसेलोसिससारखे रोग अशा वेळी जनावरातून माणसात येतात. म्हणून लांब हातमोजे घालायलाच हवेत.

आपल्याकडे बारावीनंतर ही पदवी साडेपाच वर्षांची आहे. त्यांतले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. पोथी आणि गोठा दोन्ही हवेत, हेच ही रचना सांगते.

शिक्षकांनी हे प्रकरण वर्गात सांगावे आणि विद्यार्थ्यांना तीन याद्या करायला लावाव्यात : डॉक्टरला आधीच ठाऊक काय होते, तिथे तो नवे काय शिकला, आणि आज आपण वेगळे काय करू? नुसती आवड आणि तयारी यांतले अंतर मुलांना आपोआप उमगेल.