हडसनचा ओर्नेरो

विल्यम हेन्री हडसन याची गणना इंग्रजी निसर्गलेखकांत होत असली, तरी त्याचा जन्म १८४१ साली ब्यूनोस आयरेस शहरानजीक झाला आणि १८७४ साली इंग्लंडास जाईपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य अर्जेंटिनाच्या माळरानांतच गेले. स्क्लेटर या पक्षिशास्त्रज्ञासमवेत त्याने १८८८-८९ मध्ये ‘अर्जेंटाइन ऑर्निथॉलॉजी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील पक्ष्यांच्या चालीरीतींचे वर्णन हडसनचे. ते पुढे १९२० साली ‘बर्ड्स ऑफ ला प्लाटा’ या नावाने निराळे निघाले. त्यातील ओर्नेरो या पक्ष्यावरील भाग मला फार सरस वाटतो, आणि माझी तक्रारही त्याच भागाविषयी आहे.

स्पॅनिश भाषेत ‘ओर्नो’ म्हणजे भट्टी. साळुंकीहून थोडा लहान असा हा तांबूस पक्षी चिखलात मुळ्या-काड्या कालवून पाव भाजण्याच्या भट्टीसारखे घुमटाकार घर बांधतो. दाराच्या आत एक भिंत असते; तिला वळसा घातल्यावाचून अंड्यांच्या खोलीत शिरता येत नाही. पक्षी पन्नासएक ग्रॅमचा, घर चार किलोच्या आसपास! नर व मादी दोघेही बांधकामास राबतात. (आपण सुगरणीला गृहिणी कल्पून तिच्या खोप्याचे कौतुक करतो, वस्तुतः तो खोपा विणतो नर.) अर्जेंटिनाने १९२८ साली या गवंड्यास आपला राष्ट्रीय पक्षी मानले.

शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत ओर्नेरो खऱ्या गायक पक्ष्यांत बसत नाही. त्याच्या कंठाची रचना निराळी आहे. तरीही हडसनने ज्या बारकाईने त्याचे गाणे ऐकले, तितक्या बारकाईने आपल्यापैकी किती जणांनी कोकिळेस ऐकले असेल? जोडपे समोरासमोर उभे राहते, माना ताणते, शेपट्या पसरते. एकाचे स्वर भराभर मोजून पडतात आणि दुसऱ्याचे त्यांत तीन-तीनांच्या गटांनी गुंफले जातात. यात कविकल्पना असावी अशी शंका येते. परंतु २००३ साली लाहे आणि मिंडलिन या पदार्थशास्त्रज्ञांनी या युगुलगीताचे गणित मांडले, तेव्हा नर लय वाढवीत नेतो आणि मादी साध्या प्रमाणांत त्याच्या लयीशी स्वतःस जुळवून घेते, असे आढळले. हडसनच्या कानाची साक्ष खरी ठरली.

आता तक्रार. एका खेडवळ घराच्या भिंतीबाहेर आलेल्या तुळईवर एका जोडप्याची भट्टी होती. उंदरांसाठी लावलेल्या सापळ्यात त्यांपैकी एकाचे दोन्ही पाय चिरडले. सोडविल्यावर तो पक्षी भट्टीत शिरला, तो पुन्हा बाहेर आला नाही. जोडीदार दोन दिवस हाका मारीत राहिला आणि नाहीसा झाला. काही दिवसांनी तो नवा सोबती घेऊन परतला. दोघांनी चिखल आणून त्या भट्टीचे दार बुजविले आणि तिच्याच माथ्यावर दुसरी भट्टी बांधून पिले वाढविली. घरमालक म्हातारा हे सारे पाहत होता. हे पक्षी धर्मशील आहेत अशी त्याची खात्री पटली.

हडसनने हा निष्कर्ष म्हाताऱ्याच्या पदरी घातला आहे, ही त्याची सावधगिरी म्हणावयाची. परंतु तेथवर येण्यापूर्वीच त्याने स्वतःच्या तोंडाने खालच्या भट्टीस थडगे म्हटले आहे, आणि तेवढ्याने निकाल लागून गेला. वास्तविक जुन्या भट्टीच्या डोक्यावर नवी बांधणे ही या पक्ष्याची नेहमीचीच रीत. परतलेला पक्षी पहिलाच होता, हे तरी कशावरून? त्याच्या पायात काही खूण बांधलेली नव्हती. ज्याने गाण्यातील मात्रा मोजल्या, त्याच लेखकाने येथे एवढा एक प्रश्न विचारू नये, याचे नवल वाटते. केवळ ‘जुनी भट्टी’ असे लिहिले असते, तरी म्हाताऱ्याची श्रद्धा तितकीच हृद्य वाटली असती, आणि वाचकास आपले मत बनविण्याची मोकळीक राहिली असती.