कबुलीजबाब : उत्तरामागचा प्रश्न

‘कबुलीजबाब’ हा मराठीत रुळलेला जोडशब्द एक सैद्धांतिक सूत्रच सुचवतो. ‘कबुली’ म्हणजे स्वीकार, ‘जबाब’ म्हणजे उत्तर. आणि उत्तराच्या आधी प्रश्न असतोच. तरीही कबुलीची संहिता वाचताना आपण तिला अंतःकरणातून आपोआप उमटलेली उक्ती मानतो आणि प्रश्नकर्त्याला विसरतो. धर्म आणि कायदा या दोन्ही व्यवस्थांत कबुलीचा अर्थ बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणाइतकाच ऐकणाऱ्याच्या स्थानावरून ठरतो, असे येथे मांडायचे आहे.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करणे बंधनकारक केले. ऐकलेले उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आजन्म मठात प्रायश्चित्त घ्यायला लावावे, अशी तरतूदही त्याच नियमात होती. याच परिषदेने न्यायनिवाड्यासाठी होणाऱ्या अग्निदिव्य-जलदिव्यांत धर्मगुरूंनी सहभागी होण्यास मनाई केली. दिव्याचा आधार गेल्यावर युरोप खंडातील न्यायालयांत आरोपीच्या कबुलीचे मोल वाढले. तिच्यापाठोपाठ छळही आला. एकच उक्ती धर्मगुरूपुढे क्षमेकडे, न्यायाधीशापुढे शिक्षेकडे नेऊ लागली. कबुलीत सत्ता बोलणाऱ्याकडे नव्हे, तर मौन पाळून ऐकणाऱ्याकडे असते, हे मिशेल फुको यांचे १९७६ मधील प्रतिपादन या इतिहासाच्या संदर्भात वाचायला हवे.

भारतीय कायद्याने हा सत्तासंबंध फार आधी ओळखला होता. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. वस्तुस्थितीच्या शोधापुरता अपवाद वगळता, ती स्वेच्छेने दिली होती काय, हा प्रश्नच हे कलम विचारीत नाही. श्रोता पोलीस आहे, एवढे पुरेसे असते. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही कलम २३ मध्ये हे तत्त्व राखले आहे. मात्र १९८७ च्या ‘टाडा’ने अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य ठरवली आणि कर्तारसिंग खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती तरतूद वैध मानली. ‘टाडा’ १९९५ मध्ये संपला. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या ‘मकोका’त कलम १८ च्या रूपाने तीच कल्पना उरली. म्हणजे तेच वाक्य, त्याच अधिकाऱ्यापुढे, एका कायद्याखाली पुरावा ठरते आणि दुसऱ्याखाली ठरत नाही. वाक्यातील सत्य बदलत नाही. बदलते ती ऐकणाऱ्याला दिलेली अधिमान्यता.

साहित्यात हा श्रोता वाचक होतो. रूसोने आपल्या आत्मकथनात फीत चोरल्याचा आळ एका निरपराध मोलकरणीवर घातल्याचे कबूल केले, तरी पुढील लेखनात तो त्याच प्रसंगाकडे परतला. पॉल द मान यांनी १९७९ मध्ये याचे मूळ स्वतःला उघडे करण्यातील सुखात आणि भाषेच्या यंत्रवत स्वभावात शोधले. याला एक जोड देता येईल : वाचक क्षमाही करू शकत नाही, शिक्षाही देऊ शकत नाही, म्हणून साहित्यातील कबुलीला अंत नसतो.

या असमर्थतेतच वाचकाची जबाबदारी आहे. निवाडा त्याच्या हाती नसल्यामुळेच तो धर्मगुरू आणि अधिकारी यांना न परवडणारे काम करू शकतो : जबाबातून गाळलेला प्रश्न पुन्हा त्याच्या जागी मांडणे. तो प्रश्न कोणी, कोठे आणि कोणत्या बळावर विचारला, हे कळेपर्यंत कबुलीचे वाचन अपुरेच राहते.