आकृतीतील अक्षरे : जयपूरचे ‘रेखागणित’

सवाई जयसिंहांच्या (१६८८–१७४३) आश्रयास असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडच्या भूमितीला संस्कृत रूप दिले, ते ‘रेखागणित’ या नावाने. पंधरा अध्याय आणि ४७८ शकले, म्हणजे प्रमेये, असा त्याचा विस्तार आहे. मात्र त्याच्या प्रास्ताविक श्लोकांत युक्लिडचा उल्लेख नाही. ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितलेले हे शास्त्र परंपरेने भूतलावर आले, पुढे विच्छिन्न झाले आणि जयसिंहांच्या संतोषासाठी पुन्हा प्रकट केले गेले, अशी ग्रंथकाराची भूमिका आहे.

या भूमिकेवरून जगन्नाथांवर चौर्याचा आरोप करता येईल. उलट, भूमितीचे मूळ भारतीयच होते याचा पुरावा म्हणूनही ती पुढे करता येईल. दोन्ही निष्कर्ष प्रस्तावनेवर विसंबतात आणि आकृत्यांकडे दुर्लक्ष करतात.

या आकृत्यांतील बिंदूंना अ, ब, ज, द, ह अशी अक्षरे आहेत. हा क्रम देवनागरी वर्णमालेचा नव्हे. तो अरबी ‘अबजद’चा आहे. नासिरुद्दीन तूसी यांनी १२४८ मध्ये सिद्ध केलेल्या अरबी संस्करणावरून जगन्नाथांनी आपला ग्रंथ रचला आणि तेथील अक्षरे तशीच ठेवली. अरबी क्रमाच्या मागे पुन्हा ग्रीक आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा उभे आहेत. पंधरा अध्यायांपैकी अखेरचे दोन तर युक्लिडचे नव्हेतच. ते उत्तरकालीन भर आहेत. प्रस्तावनेने जो इतिहास झाकला, तो आकृतीने जपला. श्लोक ग्रंथाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी होते. अक्षरे मात्र उपपत्तीचा आधार होती. त्यांचा मेळ चुकता तर प्रमेयच ढासळले असते.

हे मौन जगन्नाथांचा स्वभावधर्म नव्हता. टॉलेमीच्या ग्रंथावर आधारलेल्या आपल्या ज्योतिषग्रंथात त्यांनी ‘मिजास्ती’ या अरबी ग्रंथाचा निर्देश केला आहे. त्याच दरबारात १७२९ मध्ये नयनसुख उपाध्यायांनी मुहम्मद आबिद यांच्या साहाय्याने बिर्जंदीची टीका संस्कृतात आणली. पंडित आणि मौलवी एकाच आकृतीवर वाकलेले, हे त्या विद्याव्यवहाराचे खरे चित्र होय.

मग या ग्रंथाचे स्वामित्व कोणाचे? जयसिंहांचा संग्रह राजघराण्याच्या पोथीखान्यात वारसाने राहिला. आज तो महाराजा सवाई मानसिंह द्वितीय संग्रहालयाशी निगडित आहे. तेथील संस्कृत ज्योतिषग्रंथांची डेव्हिड पिंग्री यांनी केलेली वर्णनात्मक सूची २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘रेखागणित’ स्वतः मात्र १९०१-०२ मध्येच मुंबई संस्कृत मालेतून, हरिलाल ध्रुव आणि कमलाशंकर त्रिवेदी यांच्या संपादनाने, दोन खंडांत छापले गेले होते. पोथीचा मालक सांगता येतो. ग्रंथाचा एकच मालक सांगता येत नाही.

मराठी शाळांत दीर्घकाळ ‘अबक’ त्रिकोण शिकवला गेला. त्यातील ‘क’ इंग्रजी वर्णक्रमातून आला, तसा जगन्नाथांचा ‘ज’ अरबीतून. म्हणूनच अशा ग्रंथाच्या संपादकाने आकृतीतील अक्षरे ‘शुद्ध’ करण्याचा मोह टाळावा. तेथे एक अक्षर बदलले तरी ग्रंथाच्या वंशावळीतील एक पिढी पुसली जाते.